शोधत आहे

जुन्या सायकलीची गिअरची तार चौथ्यांदा तुटली
तेव्हा वेळणेश्वरच्या चढाखाली मी ठरवलं, तार नकोच.
खारा वारा बाहेरून काही दाखवत नाही,
नळीत शिरून धागा धागा खातो
आणि नेमका चढाच्या तोंडाशी हिशेब मागतो.

आता मागच्या चाकापाशी एक इवली मोटर आहे.
हँडलवरचं बटण दाबलं की साखळीला
शेजारच्या चक्रीवर सरकवते. टिक्‌-झूं.
मध्ये काही नाही. हवा.
फक्त कितवा गिअर पडला हे सांगायचं काम
हँडलवरच्या छोट्या संगणकाचं,
आणि त्या दोघांची अजून ओळख नव्हती.

धोपाव्याची जेटी. फेरीबोट नुकतीच सुटलेली,
पुढची येईस्तोवर वेळच वेळ.
मागचं बटण दाबून धरलं. पडद्यावर:
शोधत आहे.
शोधत आहे.
सापडला म्हणाला, तो माझ्याच छातीवरचा पट्टा.
शहाण्णव.

"उभ्या उभ्या शहाण्णव? मॅडम, परीक्षेला बसलाव काय?"

मुश्ताक होडेकर. लाँचवर मासे दाखवणारी यंत्रं बसवतो.
दर एक तारखेला माझ्या दुकानातून
आईच्या रक्तदाबाच्या तीस गोळ्या नेतो, सुटे देतो.

"गिअर पडतो ना?"
पडतो.
"पायांना कळतो?"
कळतो.
"मग आकडा कशाला?"

शृंगारतळीला दिवसभर मी काउंटरवरून सांगत असते:
सकाळी एक, रात्री अर्धी, जेवणानंतर.
ती पोटात गेली की उशाखाली राहिली
हे मला कोणी कळवत नाही.
एक तरी गोष्ट अशी असावी
की मी म्हणावं, आणि पलीकडून यावं:
झालं. सातवा.

यातलं त्याला काही बोलले नाही.
"हौस," म्हटलं.

तो उकिडवा बसला, मोटरला कान लावला
जसं काही आत कोणी घोरतंय.
"झोपलंय हे. आमचं पण तसंच,
बुडाला पाणी लागल्याबिगर मासा सांगत नाय.
कोरड्यावर कितीही विचारा."
मागचं चाक उचलून धरलं. "मारा पेडल."

टिक्‌-झूं.
निळा दिवा डोळे चोळत उठला
आणि पडद्याच्या कोपऱ्यात, न मागता, न ओरडता,
७.

फेरीबोटीची फळी जेटीवर आदळली.
बर्फाचा टेम्पो, दोन रिक्षा, मग मी.
चढता चढता सहज विचारलं,
"आई गोळ्या घेते ना?"
तो थांबला. "डब्यात बऱ्याच दिसतात."
मोजून कळवा, म्हटलं. आज वीस तारीख.

दाभोळ सुटलं की रस्ता उभाच राहतो.
पाच. तीन. दोन. एक.
पुन्हा बटण दाबलं, तर दोनदा पीं पीं:
खाली काही उरलेलं नाही, बाई.
आकड्याने चढ तसूभर कमी झाला नाही,
पण अजून एखादा असेल ही आशा सुटली
आणि श्वास आपल्या जागी आला.

सड्यावर जांभ्याची कुंपणं, काजू, कडकडीत ऊन.
तिथे आकडा गेला. नुसत्या दोन रेघा.
ओळख विसरले असावेत, नवीनच आहेत.
मी कानाने मोजत गेले,
टिक्‌-झूं, टिक्‌-झूं, टिक्‌-झूं,
एकाचे झाले चार, बहुतेक चार.

वळणाला आकडा परतला. पाच.
एक टिक्‌ वाऱ्यात गेलं असणार.

मग त्याच पडद्यावर, पाचाच्या वर,
फोनवरून आलेली ओळ सरकली:
मुश्ताक होडेकर.
घरी मोजायला लावल्या. एकवीस शिल्लक.

मी पाय टेकला.
घाम भुवयांवरून पडद्यावर पडला,
पुसला, तरी एकवीसच.